स्क्रीननं किती सांगावं, आणि कुणाला?

नवा फोन पहिल्यांदा सुरू झाला की तो बरंच काही शिकवायला बघतो. मागं कसं जायचं, उघडी ॲप कशी बंद करायची, वरची पट्टी कशी खाली ओढायची. बाण येतात, हलणारी बोटं दिसतात, खाली 'पुढे' आणि 'समजलं' अशी बटणं असतात. पण आपल्याकडं हे वाचतं कोण? सोलापुरात नवी पेठेतल्या कुठल्याही मोबाइलच्या दुकानात थोडा वेळ उभं राहून बघा. फोन घेणारे काका काउंटरच्या अलीकडं, आणि फोन सुरू करून देणारा पोरगा पलीकडं. तो प्रत्येक पानावर 'पुढे, पुढे, पुढे' करत जातो, कारण त्याला ते सगळं पाठ आहे. सिम टाकतो, काच चिकटवतो आणि फोन काकांच्या हातात देतो. ज्यांना शिकवायचं होतं त्यांनी काहीच बघितलं नाही, आणि ज्यानं बघितलं त्याला गरज नव्हती. फोनच्या हिशेबी मात्र शिकवणी झाली. ती आता आपणहून पुन्हा यायची नाही.

मी शहराच्या पूर्व भागात संध्याकाळी मोठ्या माणसांना फोन आणि कॉम्प्युटर शिकवते. विडी कामगार बायका येतात, कारखान्यातून निवृत्त झालेले कामगार येतात, चादरीच्या दुकानात हिशेब लिहिणारे येतात. त्यांच्याबरोबर बसल्यावर एक प्रश्न सारखा समोर येतो, आणि तो कॉम्प्युटर घडवणाऱ्यांमध्येही फार जुना आहे: ऑपरेटिंग सिस्टिमनं वापरणाऱ्याला स्क्रीनवर किती सांगावं? एका पक्षाचं म्हणणं, जितकं जास्त सांगाल तितकं बरं, नवख्याला आधार मिळतो. दुसरा म्हणतो, सारखं बोलणारं यंत्र डोकं उठवतं, माणसाला त्याचं काम करू द्या. मला दोन्ही बाजू अर्धवट वाटतात. कुणाला सांगायचं, नेमकं कधी, आणि सांगूनही चुकलं तर सावरायची सोय काय, हे धरल्याशिवाय 'किती'चं उत्तर निघत नाही.

आधी ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे काय ते थोडक्यात. यंत्र आणि आपण वापरतो ती ॲप यांच्या मधला हा कारभारी. विंडोज, लिनक्स, मॅकओएस, अँड्रॉइड, आयओएस ही त्याची नावं. फाइल कुठं ठेवायची, कॅमेरा कोणत्या ॲपला वापरू द्यायचा, मागं जायचं बटण कुठं असेल, हे तोच ठरवतो. त्यामुळं त्याच्या बोलण्याची आणि गप्प बसण्याची सवय प्रत्येक ॲपमध्ये झिरपते.

सुरुवातीच्या काळात गप्प बसणं हाच शहाणपणा होता. 1969 साली अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या प्रयोगशाळेत युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमची सुरुवात झाली तेव्हा लोक तिच्याशी टेलिटाइपवरून बोलायचे. टाइपरायटरसारखं हे यंत्र सेकंदाला जेमतेम 10 अक्षरं कागदावर छापायचं. 'तुमची फाइल व्यवस्थित कॉपी झाली आहे' एवढं छापायला काही सेकंद जायचे, आणि तेवढा वेळ माणूस नुसता बसून. म्हणून रीत पडली की काम झालं तर काही बोलायचं नाही, बिघडलं तरच बोलायचं. आणखी एक कारण होतं. युनिक्समध्ये एका प्रोग्रामचं उत्तर थेट दुसऱ्या प्रोग्रामला देता येतं. त्यात सौजन्याची वाक्यं मिसळली तर पुढचा प्रोग्राम गोंधळणार. आजही लिनक्सच्या टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, फाइल पुसायची आज्ञा दिली की सहसा ती विचारत बसत नाही, पुसून मोकळी होते. इथल्या इंजिनिअरिंगच्या मुलांना हे आवडतं, आणि त्यांच्यासाठी ते बरोबरही आहे. आज्ञा त्यांनी स्वतः टाइप केलेली असते, तिचा अर्थ त्यांना माहीत असतो.

मग कॉम्प्युटर घराघरांत जायला लागले आणि ज्यांना आज्ञा माहीत नाहीत असे लोक त्याच्यासमोर बसले. विंडोज 95 बनत असताना मायक्रोसॉफ्टनं साध्या माणसांना बसवून चाचण्या घेतल्या. खालच्या कोपऱ्यातल्या बटणावर सुरुवातीला 'सिस्टिम' लिहिलं होतं, आणि लोक त्याला हातच लावेनात. ते 'स्टार्ट' केलं तेव्हा लोक तिथं जाऊ लागले. तरीही काही जण रिकाम्या स्क्रीनकडं बघत बसायचे, म्हणून खालच्या पट्टीवर एक बाण आणि 'सुरुवात करायला इथं क्लिक करा' असं वाक्य सरकत त्या बटणापाशी जाऊन थांबायचं. ऑगस्ट 1995 मध्ये विंडोज 95 बाजारात आली ती हे घेऊनच.

मला हे मार्गदर्शनाचं फार चांगलं उदाहरण वाटतं, म्हणून त्यावर जरा थांबते. एक तर ते वाक्य जिथं करायचं तिथंच होतं. दुसरं, एका वेळी एकच गोष्ट सांगत होतं. तिसरं, त्यानं वाट अडवलेली नव्हती. तुम्ही त्याच्याकडं दुर्लक्ष करून दुसरीकडं क्लिक करू शकत होता. आणि तुम्ही कामाला लागलात की ते बाजूला व्हायचं. बटण कायम राहिलं, त्यावरचं नाव कायम राहिलं, फक्त बोट दाखवणारा बाण गेला. वर्षभरानं परत आलेल्या माणसालाही बटण दिसणारच होतं.

गंमत अशी की पुढं 2012 साली याच कंपनीनं विंडोज 8 आणली आणि तेच बटण काढून टाकलं. महत्त्वाच्या गोष्टी स्क्रीनच्या कडांमध्ये आणि कोपऱ्यांत लपल्या. माउस कोपऱ्यात नेला किंवा बोट कडेवरून आत ओढलं तरच त्या बाहेर यायच्या, आणि तिथं काहीतरी आहे हे सांगणारी एक रेघसुद्धा स्क्रीनवर नव्हती. वर्षानुवर्षं कॉम्प्युटर वापरणाऱ्या लोकांना तो बंद कसा करायचा ते शोधावं लागलं. ऑक्टोबर 2013 मध्ये 8.1 आली तेव्हा बटण परत आलं, आणि कोपरे समजावणाऱ्या छोट्या सूचनाही स्क्रीनवर आल्या. या प्रकरणातून मी एक खूणगाठ बांधली आहे. एखादी गोष्ट समजावायला सूचना लागत असेल, तर आधी ती गोष्ट डोळ्यांना दिसते का ते बघायचं. दिसणारं बटण हेच पहिलं मार्गदर्शन. सूचना त्यानंतर.

आता दुसरं टोक. मायक्रोसॉफ्टच्याच ऑफिस 97 मध्ये कागदाच्या पिनेसारखा एक मदतनीस आला होता, क्लिपी म्हणून तो ओळखला जातो. तुम्ही पत्राचा मायना लिहिला की तो उठून विचारायचा, पत्र लिहिताय का, मदत करू का? पहिल्यांदा बरं वाटायचं. पण पत्र लिहिण्यात आयुष्य गेलेल्या कारकुनालाही तो तेच विचारायचा, आणि रोज विचारायचा. समोरचा शिकला आहे, हे त्याला कधी कळलंच नाही. 2001 च्या ऑफिस एक्सपीमध्ये तो मुळातच बंद ठेवलेला होता आणि 2007 च्या आवृत्तीतून गेला.

शिकलेल्या माणसाला पहिलीचा धडा पुन्हा दिला तर नुसता कंटाळा येतो असं नाही, त्याचं काम खरोखर बिघडतं. शिक्षणाचा अभ्यास करणाऱ्या स्लावा कल्युगा, जॉन स्वेलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2003 मध्ये हे नीट मांडलं. नवख्याला जी मदत उपयोगी पडते तीच जाणकाराच्या आड येते, कारण त्याच्या डोक्यात आधीच असलेली रीत आणि समोर आलेली सूचना या दोन्हींचा मेळ घालण्यात त्याची शक्ती जाते. एका वेळी मनात धरता येतील अशा गोष्टी मुळात थोड्याच असतात.

हे बघायचं असेल तर गणवेशाच्या एखाद्या कारखान्यात बिलं करणाऱ्या मुलाचे हात बघा. जूनच्या तोंडावर शाळांच्या ऑर्डरी असतात. त्याची नजर कागदावर आणि बोटं किबोर्डवर. आकडा, टॅब, आकडा, एंटर. मध्येच स्क्रीनवर एक चौकट उगवते. त्याचं बोट एंटरवर पडलेलंच असतं. चौकट आली तशी गेली, त्यानं कशाला होकार दिला ते त्यालाच ठाऊक नाही. थोड्या वेळानं कॉम्प्युटर आपोआप बंद होऊन परत चालू व्हायला लागतो आणि अर्धं बिल जातं. यात मुलाची काही चूक नाही. माणसाचे हात चालू असताना मध्ये घुसून विचारलेला प्रश्न हा प्रश्नच नसतो, आणि त्याला मिळालेलं उत्तर हे उत्तर नसतं. ऑपरेटिंग सिस्टिमला टाइप चालू आहे हे कळतं. हात थांबेपर्यंत थांबायला तिला काही खर्च येत नाही.

शिवाय माणसं सूचना वाचायला येतच नाहीत. 1980 च्या दशकात आयबीएममध्ये जॉन कॅरल आणि मेरी बेथ रॉसन यांनी ऑफिसातल्या लोकांना नवी यंत्रं शिकताना बारकाईनं बघितलं. लोक पुस्तक बाजूला ठेवतात आणि सरळ कामाला भिडतात, असं त्यांना दिसलं. शिकणं हा त्यांचा हेतू नसतोच, पत्र छापून घेणं हा असतो. म्हणून कॅरल यांनी एक वेगळी वाट धरली. नवख्यासाठी जास्त सूचना लिहिण्याऐवजी त्यांनी यंत्रातल्या घोटाळ्यात पाडणाऱ्या सोयीच सुरुवातीला बंद ठेवल्या. त्या बटणाला हात लावला तर 'हे आत्ता बंद आहे' एवढंच सांगितलं जायचं. लोक कमी अडकले आणि लवकर शिकले. माझ्या वर्गातही हेच चालतं. पहिल्या आठवड्यात फोनच्या मुख्य पानावर मोजकी ॲप ठेवते, बाकी आत. समजावून सांगायचं बोलणं निम्म्यावर येतं.

आतापर्यंत 'कसं करायचं' या मार्गदर्शनाबद्दल बोललो. धोक्याच्या इशाऱ्यांची गोष्ट वेगळी आणि जास्त गंभीर आहे, कारण तिथं चुकीची किंमत पैशात मोजावी लागते.

विंडोज व्हिस्टा 2007 च्या सुरुवातीला लोकांच्या हातात आली तेव्हा ती पावलोपावली विचारायची, हा प्रोग्राम कॉम्प्युटरमध्ये बदल करू बघतोय, चालेल का? हेतू चांगला होता. त्यात एक दूरचा हिशेबही होता: प्रोग्राम लिहिणाऱ्यांनी उगाच सगळे अधिकार मागू नयेत, असा त्यांच्यावर दबाव यावा. तो बऱ्याच अंशी साधला. पण तोवर साध्या माणसाला 'हो' दाबायची सवय लागली. 2009 मध्ये विंडोज 7 नं हे विचारणं कमी केलं आणि किती विचारायचं ते ठरवायला चार पायऱ्यांची एक पट्टी दिली. सवय किती लवकर लागते याचा पुरावाही आहे. अमेरिकेतल्या ब्रिघम यंग विद्यापीठातल्या संशोधकांनी 2015 मध्ये लोकांना तेच तेच इशारे दाखवून मेंदूचं स्कॅन केलं. दुसऱ्यांदा तोच इशारा समोर येताच, दिसलेलं समजून घेणाऱ्या भागातली हालचाल एकदम खाली आली. म्हणजे माणूस निष्काळजी होतो असं म्हणण्यापेक्षा, मेंदूच ते बघायचं थांबवतो.

माझ्याकडं येणाऱ्या एका अक्कांचं बघा. विड्या वळून निवृत्त झाल्या, पेन्शन येते, वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यावा लागतो. आता तो फोनवर चेहरा दाखवून घरबसल्या काढता येतो. अक्कांनी नातवाकडून ॲप घालून घेतलं आणि एकट्याच बसल्या. चौकट आली: या ॲपला फोटो काढू द्यायचे आणि व्हिडिओ रेकॉर्ड करू द्यायचे का? खाली तीन पर्याय, ॲप वापरत असताना, फक्त या वेळी, आणि परवानगी देऊ नका. नातवानं बजावून सांगितलं होतं, फोननं काही मागितलं तर नाही म्हणायचं, फसवणुका लई चालल्यात. अक्कांनी नाही म्हटलं. ॲपनं परत विचारलं, अक्कांनी परत नाही म्हटलं. त्यानंतर चौकट आलीच नाही. समोर नुसता काळा गोल. त्यांनी चष्मा पुसला, पदर नीट केला, उजेडात म्हणून दारात जाऊन उभ्या राहिल्या. मग माझ्याकडं आल्या. "माझं तोंडच घेईना ओ मॅडम ह्ये. मी जिवंत हाय की."

त्या काळ्या गोलामागं काय झालं होतं ते सांगते, कारण हे पुष्कळांच्या बाबतीत होतं. 2020 साली आलेल्या अँड्रॉइड 11 पासून नियम असा आहे की एकाच परवानगीला तुम्ही दोनदा नकार दिलात तर 'पुन्हा विचारू नका' असाच त्याचा अर्थ धरला जातो. नियम माझ्या मते योग्य आहे. त्याआधी काही ॲप माणूस कंटाळून हो म्हणेपर्यंत विचारत राहायची. इथं गप्प बसणं वापरणाऱ्याच्या बाजूनं आहे. अडलं ते दुसरीकडं. चौकटीनं 'काय' पाहिजे ते सांगितलं, 'कशाला' ते सांगितलं नाही. आयफोनवर 2016 च्या आयओएस 10 पासून ॲपला कॅमेरा मागायचा असेल तर त्याच चौकटीत कारण लिहावंच लागतं. अँड्रॉइडच्या चौकटीत कारणाला जागा नाही. चांगली ॲप आधी आपलं वेगळं पान दाखवून समजावतात, बाकीची सरळ मागतात. आणि नकारानंतर त्या काळ्या गोलाच्या जागी एक ओळ हवी होती: कॅमेरा बंद आहे, कारण तुम्ही परवानगी दिलेली नाही, बदलायचं असेल तर इथं दाबा. एवढी एक ओळ असती तर अक्कांना दारात उभं राहावं लागलं नसतं. नातवानं शिकवलेलं त्यांनी तंतोतंत पाळलं होतं. फोन पहिल्यांदा सुरू करताना दाखवलेल्या सगळ्या रंगीत पानांपेक्षा ती एक ओळ मोलाची आहे, कारण ती योग्य माणसाला, अडल्या जागी, अडल्या वेळी मिळाली असती.

काही धोके मात्र असे असतात की तिथं सांगण्यात अर्थच नसतो, यंत्रानं स्वतः काहीतरी करायला हवं. सोलापूरकरांना माग ठाऊक आहे. बाण्याचा, म्हणजे आडवा, धागा तुटला की माग आपोआप थांबतो. 'धागा तुटला असल्यास कृपया लक्ष द्या' अशी पाटी विणकराच्या डोळ्यांसमोर टांगून काम भागत नाही. ऑपरेटिंग सिस्टिममध्येही असं करता येतं, आणि जिथं केलं गेलं तिथं बोलणं कमी झालं. विंडोजमध्ये फाइल पुसताना पूर्वी 'नक्की ना?' असं विचारलं जायचं. खरं तर विंडोज 95 पासून रिसायकल बिन होतीच, पुसलेलं तिथून परत आणता यायचं. मग विचारायचं कशाला? विंडोज 8 पासून तो प्रश्न मुळातच बंद ठेवला गेला. चूक परत फिरवता येत असेल तर आधी दहा वेळा विचारायची गरज राहत नाही, आणि नवखा माणूसही न घाबरता हात लावतो. माझ्या वर्गात शिकण्यातला सर्वांत मोठा अडथळा अज्ञान हा नसून 'काही बिघडलं तर?' ही भीती असते. 'मागचं पुन्हा आणा' अशी सोय दाखवली की हात मोकळे होतात.

दुसरं उदाहरण जास्त ताजं. फसवणारे लोक फोन करून स्क्रीन शेअर करायला लावतात आणि आलेला ओटीपी वाचून घेतात. 'ओटीपी कुणाला सांगू नका' हे इतक्या वेळा ऐकवलं गेलंय की आता ते कानावर पडतं आणि निघून जातं. आणि इथं तर माणूस सांगतही नाही, समोरचा परस्पर बघतो. 2024 मध्ये आलेल्या अँड्रॉइड 15 मध्ये स्क्रीन शेअर चालू असताना ओटीपी असलेली नोटिफिकेशन समोरच्याला दिसू नये म्हणून आपोआप झाकली जाते. त्याआधी 2017 च्या अँड्रॉइड 8 मध्येही असंच एक चांगलं काम झालं. तोवर 'बाहेरची ॲप घालू द्या' हे एकच बटण होतं. ते एकदा चालू केलं की कुठूनही काहीही घालता यायचं. ते काढून प्रत्येक ॲपला वेगळी परवानगी लागू लागली. आता ब्राउझरला एकदा दिलेली परवानगी मेसेजमधून आलेल्या फाइलला चालत नाही.

मार्गदर्शनाच्या नावाखाली जाहिरात करणं, याबद्दल मला राग आहे. 'तुमचं डिव्हाइस सेट करणं पूर्ण करा' असं म्हणायचं आणि आत गेल्यावर पैसे भरून घ्यायची स्टोरेज, आपलंच ब्राउझर, आपलीच सेवा पुढं करायची. 'नको' असं बटण नाही, 'आत्ता नको' एवढंच. भारतात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं 30 नोव्हेंबर 2023 रोजी ऑनलाइन विक्री आणि सेवांमधल्या अशा फसव्या रचनांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात 13 प्रकार दिलेत. त्यातला एक म्हणजे सारखं मागं लागणं, आणि दुसरा म्हणजे जाहिरात दुसऱ्याच वेषात दाखवणं. ऑपरेटिंग सिस्टिमच्या सूचनांनाही हीच कसोटी लावायला हवी असं माझं ठाम मत आहे. कारण नुकसान एका जाहिरातीपुरतं राहत नाही. दहा सूचनांतल्या सहा विकण्यासाठी असतील तर माणूस दहाही न वाचता बंद करतो, आणि सुरक्षेची सातवी त्यातच जाते.

भाषेचंही सांगायला हवं. सोलापुरात एका गल्लीत मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू ऐकू येते. बोली एक, शाळेची भाषा दुसरी, आणि फोन तिसऱ्याच भाषेत. अँड्रॉइडमध्ये मराठी, तेलुगू आणि कन्नड 2014 च्या आवृत्ती 5 पासून आहेत, तरी पुष्कळ दुकानांत फोन इंग्रजीतच सुरू करून देतात. 2022 च्या अँड्रॉइड 13 पासून प्रत्येक ॲपची भाषा वेगळी ठेवता येते, म्हणजे फोन मराठीत आणि एखादं ॲप तेलुगूत असं चालतं, ॲपनं तशी सोय दिली असेल तर. हे फार कमी लोकांना माहीत आहे. आणि ज्यांना वाचायला वेळ लागतो त्यांच्यासाठी लांबलचक समजावणी म्हणजे भिंतच. त्यांना चार ओळींपेक्षा एक ओळ आणि ठळक बटण जास्त उपयोगी पडतं.

मग किती सांगावं? सुरुवातीला जवळजवळ काहीच नाही, कारण तेव्हा समोर बहुतेक वेळा दुकानदार नाहीतर भाचा असतो. एखादी गोष्ट पहिल्यांदा करायची वेळ येईल तेव्हा, तिथंच, एका ओळीत. बंद केलेली सूचना परत कुठं मिळेल याची एक कायमची जागा, आणि 'मला हे येतं' किंवा 'मला परत दाखवा' असं माणसाला सांगता यावं. एकाच कॉम्प्युटरवर चार जण बसत असतील तर सिस्टिम त्यांना एकच माणूस समजते, हे बनवणाऱ्यांनी विसरू नये. आणि पैसा, कॅमेरा, पासवर्ड याबाबत कमी वेळा पण कारणासकट विचारावं, नकाराचा परिणामही सांगावा.

बनवणारे ते करतील तेव्हा करतील. घरातल्या मोठ्या माणसाचा फोन तुम्ही सुरू करून देणार असाल तर पहिली शिकवणी त्यांनाच बघू द्या, बटण त्यांनाच दाबू द्या, उशीर झाला तरी चालेल. ती आधीच होऊन गेली असेल आणि त्यांना मागं जाणं जमत नसेल, तर बोट ओढायची पद्धत बदलून खालची तीन बटणं आणा. 2019 च्या अँड्रॉइड 10 पासून बोटाच्या खुणांनी फोन चालवायची पद्धत पसरली. पण सेटिंगमध्ये नेव्हिगेशन शोधलं की तीन बटणांचा पर्याय अजून मिळतो. ज्यांना वाचणं जड जातं त्यांच्यासाठी ॲक्सेसिबिलिटीमध्ये निवडलेला मजकूर वाचून दाखवायची सोय चालू करा. बाहेरची ॲप घालायची परवानगी कोणाकोणाला दिली आहे ते एकदा बघा, मेसेजच्या ॲपला असेल तर काढा. आणि कॅमेरा किंवा माइक अचानक चालेनासा झाला, समोर काळा गोल दिसतोय, तर फोन खराब झाला असं समजू नका. त्या ॲपच्या चित्रावर बोट थोडा वेळ दाबून धरा, 'माहिती'मध्ये जा, तिथं 'परवानग्या' दिसतील. कॅमेऱ्यापुढं 'परवानगी नाही' असेल तर 'ॲप वापरत असताना' हा पर्याय निवडा.